उलटा ई, ऑल्ट एकशे एकाहत्तर

आमच्या दुकानात संध्याताई टायपिंगला बसल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तीनदा काउंटर बदलला, पाचदा कॉम्प्युटर बदलला, झेरॉक्सची मशिनं किती बदलली ते आठवतही नाही. ताई तेवढ्या बदलल्या नाहीत. सकाळी दहाला येतात, पाठीमागे उशी लावतात आणि म्हणतात, "जगदीश, आज लय कंटाळा आलाय रं." मी म्हणतो, "मग घरी जा की." त्या म्हणतात, "घरी त्याच्याहून जास्त येतो." झाली दिवसाची सुरुवात.

माझं दुकान कर्जतला, भिसेगावात. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग. आता टायपिंगला कोण येतं म्हणा! लोक मोबाईलला तोंड लावून बोलतात आणि अर्ज आपोआप उमटतो. चुकीचा उमटतो, पण उमटतो. तो घेऊन येतात आणि वर मलाच सांगतात, "फक्त प्रिंट मारा." मी मारतो. भांडायचं वय गेलं माझं. खरं तर गेलेलं नाही, पण डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्यात.

ताईंचं माहेर लोधिवलीचं. दहावीनंतर खोपोलीला क्लासला जाऊन त्यांनी मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंगला चाळीसचा स्पीड काढला आणि लग्न होऊन भिसेगावात आल्या. नवरा भिवाजी, खोपोलीकडे एका कारखान्यात शिफ्टला जायचा. भला माणूस, पण तब्येतीचं कायम रडगाणं. ताईंनी घर सांभाळलं, नवऱ्याला सांभाळलं, मधल्या वेळात माझं दुकान सांभाळलं. मी मालक, पण गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "ताई हायत का?" मी हाय म्हटलं तरी माघारी जायचं. घ्या!

काम त्यांचं नेटकं. लोक घाईत काहीही खरडून आणतात. एक शब्द दोनदा लिहितात, मध्येच भलतंच काही घुसडतात, कंसात आपलंच रडगाणं लिहितात. ताई ते न बोलता सरळ करायच्या. हे मीच त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. गिऱ्हाईकाची चूक आपण सुधारायची, पण त्याला सांगायची नाही. सांगितलं की माणूस खजील होतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो.

दोन हजार चार साली आमच्याकडे पुण्याचे सर आले. भाषेचे प्राध्यापक. कळंबच्या वर डोंगराला टेकलेली एक ठाकरवाडी आहे, तिथली बोली ते गोळा करत होते. वाडीत बुधी नावाची म्हातारी होती. लग्नात धवले म्हणायला बुधीच लागायची. धवले म्हणजे लग्न लागताना म्हणायची गाणी. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं वेगळं गाणं, आणि ती सगळी म्हातारीच्या डोक्यात. सर ते कॅसेटवर घ्यायचे, मग एकेक ओळ ऐकून कागदावर उतरवायचे, आणि ते कागद टाइप करायला आमच्याकडे द्यायचे.

उतरवायचे कशात, तर इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या पण इंग्रजी नसलेल्या अक्षरांत. ई उलटा करून ठेवलेला. एनला शेपटी. डीला खाली आकडी. यूच्या पोटात आडवी काठी. पहिला कागद बघून माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "अहो सर, मराठीत लिहा की! म्हातारी काय विलायतेहून आलीय?"

सर हसले. म्हणाले, "मराठीत लिहिलं की वाचणारा मराठीच वाचतो. म्हातारीचा उच्चार मग म्हातारीचा राहत नाही. ह्या लिपीत प्रत्येक आवाजाला एक अक्षर. ऐकलं तेवढंच लिहायचं. कमी नाही, जास्त नाही."

आता हे कॉम्प्युटरवर यायचं कसं? तेव्हा एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा कारभार होता. कॉम्प्युटरला मोजून दोनशे-सव्वादोनशे सीटा, त्या इंग्रजीने आणि तिच्या चिन्हांनी आधीच भरलेल्या. मग ज्याला आपलं अक्षर बसवायचं तो दुसऱ्याच्या सीटवर रुमाल टाकायचा. सरांच्या कुणा मित्राने त्यांच्यापुरता एक फॉन्ट बनवून दिला होता, त्यात असे एकसष्ट रुमाल टाकलेले. फ्लॉपीवर तो फॉन्ट आणला, आमच्या कॉम्प्युटरवर चढवला. अक्षरं कीबोर्डवर नव्हतीच. ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर नंबर मारायचा. उलटा ई हवा, तर शून्य-एक-सात-एक. शेपटीचा एन, वेगळा नंबर. सरांनी तक्ता दिला, ताईंनी तो समोरच्या भिंतीला चिकटवला. दोन महिन्यांनी बघतो तर तक्त्याकडे बघणं बंद. नजर कागदावर, बोटं आपली टकाटक.

मी एकदा विचारलं, "ताई, वाचता येतं का हो हे तुम्हाला?"

"नाय रं. मी निस्ती चित्रं काढते."

तेरा महिने ताईंनी चित्रं काढली. चारशे बारा पानं झाली. मान गेली, उजवा खांदा गेला, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. सर सगळं प्रिंट करून तपासायला पुण्याला घेऊन गेले, जाताना म्हणाले, "ताई, पुस्तकात तुमचं नाव पहिल्या पानावर." त्यानंतर आठवड्याभरात हार्ट अटॅकने गेले. पुस्तक राहूनच गेलं. सरांच्या घरच्यांनी फ्लॅट विकला, कॅसेटी, कागद, प्रिंट सगळं रद्दीत. दोष कोणाला देणार? घरच्यांना तो पसारा होता. इकडे आमचा तो कॉम्प्युटर तीन वर्षांनी मेला, फॉन्टच्या फ्लॉपीला बुरशी आली, दुकान रंगवताना भिंतीवरचा तक्ता पेंटरने खरवडून टाकला. उरली त्या पानांची एक सीडी. ती ताईंनी घरी रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली होती.

बुधी गेली त्याला दहा वर्षं झाली. ती गेल्यावर महिनाभरात तिचा मुलगा पोशा दुकानात आला. पोशा तेव्हाच पन्नाशीचा. अंगाने काटक, बोलायला लाजरा. दारात चपला काढल्या आणि उभा राहिला. म्हणाला, "बाय, माज्या आयची गानी तुज्या डब्यात हायती म्हनं."

ताईंनी सीडी आणली, लावली. फाइल उघडली तर पडद्यावर नुसता कचरा. डॉलर, टक्के, तारे, कंस, डोक्यावर टिंबं दिलेले भलतेच ए आणि ओ. फॉन्ट नाही म्हटल्यावर रुमाल उडून गेले आणि सीटांवरचे मूळ मालक परत येऊन बसले! पोशाला काय समजावणार? ताई म्हणाल्या, "हायती पोशा. पन दिसत नायती." त्याने मान हलवली. पुढच्या वर्षी करवंदं घेऊन परत आला. त्याच्या पुढच्या वर्षीही आला. मी ओळखीच्या चार कॉम्प्युटरवाल्यांना दाखवलं. एकाने हात टेकले, बाकीच्यांनी सांगितलं, "फॉन्ट आणा." अरे, फॉन्ट असता तर तुझ्या दारात कशाला आलो असतो, शहाण्या?

यंदा फेब्रुवारीत पोशा आला तो एका मुलीला घेऊन. हर्षला तिचं नाव, बदलापूरची. मुंबईला भाषाशास्त्र शिकते आणि अभ्यासासाठी वाडीवर येऊन-जाऊन असते. पोशा आज दारात उभा राहिला नाही, सरळ आत येऊन बाकड्यावर बसला. "बाय, हिरूचं लगीन हाय वैशाखात. माज्या नातीचं. आय मरताना मी तिला शबूद दिला हुता, हिरू तुज्याच गान्यांनी बोहल्यावर चढंल. आता बायांना दोन वळी येतात, फुडं कोनालाच येत नाय. पोरं म्हनतात डीजे लावू."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय शेट. शबूद दिलाय ना."

हर्षलाने सीडीतला कचरा बघितला आणि आश्चर्य म्हणजे तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "काकू, हे मेलेलं नाहीये. आता युनिकोडमध्ये ह्या प्रत्येक अक्षराला जगभर चालणारा स्वतःचा नंबर आहे. कुणाच्या सीटवर बसायची गरज नाही. मला फक्त एवढं कळलं पाहिजे की जुन्या फॉन्टमध्ये कुठल्या नंबरावर कुठलं अक्षर होतं. तो तक्ता मिळाला की सगळी चारशे पानं मी पाच मिनिटांत बदलून देते. आणि मला ही लिपी वाचता येते."

"तक्ता गेला गं," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला आठवतंय का काही?"

"उलटा ई, एकशे एकाहत्तर." एवढंच. पुढे ताई कपाळाला हात लावून बसल्या. वीस वर्षं झाली, आणि सत्तावन्न वर्षांचं डोकं ते. मी म्हटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

हर्षला हुशार. तिने सरांसारखं कागदावर हाताने एक अक्षर काढलं, शेपटीचा एन, आणि कागद ताईंसमोर धरला. म्हणाली, "आठवू नका. टाइप करा." ताईंनी तिच्या लॅपटॉपवर हात ठेवला. उजवा हात नुसता हवेत फिरला. लॅपटॉपला उजवीकडे आकडेच नव्हते! तिथेही घोडं अडलं. मग मी माझा दुकानातला मोठा कीबोर्ड जोडून दिला. ताईंनी हात ठेवला आणि बोटांनी टकटकटकटक चार आकडे मारले. कोणते मारले ते त्यांनाच कळलं नाही. पडद्यावर चिन्ह उमटलं तेव्हा हर्षलाने नोंद केली.

पण एक गंमत झाली. ताई विचार करायला लागल्या की चुकायच्या. बोटं थबकायची, दोन-तीनदा खोडायच्या आणि वैतागायच्या. मग मीच शक्कल काढली. त्यांना बोलण्यात गुंतवायचं. मी स्टुलावर बसलो आणि लावली टकळी. शेजारच्या इमारतीतल्या बाईने पाण्याच्या टाकीवरून कसं भांडण उकरलं, त्यात सोसायटीच्या चेअरमनची कशी फजिती झाली, सगळं. ताई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "अगो बाई! मग?" आणि हर्षला गुपचूप कागद पुढे सरकवायची, ताईंची बोटं आपली आपण चालायची. दोन दुपारी मी बडबडलो. इतकं की घरी गेल्यावर बायको म्हणाली, आज तोंड का मिटलंय? एकसष्टपैकी एकोणसाठ अक्षरं अशी निघाली. उरलेली दोन हर्षलाने अंदाजाने बसवली.

तिसऱ्या दुपारी तिने ते काय ते बटण दाबलं. डॉलर-टक्के-तारे सरसर पुसले गेले आणि पानभर ती जुनी अक्षरं उभी राहिली. ताईंनी चष्मा पुसला, परत लावला, पडद्याला नाक लावलं. "आला गं," म्हणाल्या, "उलटा ई आला." माहेरचं माणूस फाटकातून आत यावं तसा आवाज. मला खरंच खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पोशाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी तो आला, गुडघ्यांवर हात ठेवून बाकड्यावर बसला. हर्षला वाचायला लागली. गात नव्हती, नुसतं वाचत होती, पण उच्चार थेट वाडीचा.

"मांडवाला मेढी गं कोनाच्या, पैली मेढ गं मामाची..."

पोशा ऐकत होता. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्याने मान खाली घातली. मला वाटलं, रडतोय. तो रडत नव्हता.

"शबूद आयचेच हायती," तो हळूच म्हणाला. त्याला आमचं मन मोडायचं नव्हतं, ते दिसत होतं. "पन आय नाय ह्याच्यात."

"म्हणजे?" हर्षला म्हणाली.

"आय अशी सरळ गातच नव्हती. एक वळ तीनदा घ्यायची. मधीच खोकायची, कोनाला तरी वरडायची, परत तीच वळ. तिसऱ्यांदा घेतली का मग बाया ती झेलायच्या, फुडचं त्या म्हनायच्या. ह्याच्यात वळ एकदाच येती आन् फुडं पळती. बाया झेलतील कशा? कुठं?"

हर्षला गोंधळली. पानं वर-खाली करू लागली. "असं कसं होईल? ह्या लिपीत लिहायचं तर सगळंच लिहितात. खोकलासुद्धा कंसात लिहितात. सरांनी सोडलं नसणार. बहुतेक म्हातारी त्यांच्यासमोर तशी गायली नसेल."

"गायली हुती," ताई म्हणाल्या.

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सरांनी लिवलं हुतं. तीच वळ तीन-तीनदा. मधी मधी कंस. मला वाटलं, चुकून लिवलंय. कंटाळून लिवलंय. मी... मी काढलं. एकदाच ठेवलं. कंस तर सगळे काढले." त्यांनी पोशाकडे बघितलं नाही. "मला काय म्हाईत रं, ते काय हाय. मला वाचता कुठं येत हुतं."

सरांनी प्रिंट तपासलं असतं तर पहिल्या पानावर धरलं असतं. पण तपासायला ते राहिलेच नाहीत. आणि ताईंना शिकवलं कोणी होतं, गिऱ्हाईकाची चूक सुधारायची आणि सांगायची नाही म्हणून? ह्या जगदीशने. मोठा शहाणा! मी तिथे बसलो होतो आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही, ही गोष्ट आजही मला खाते.

पोशाच उठला. "जाऊ दे बाय. शबूद गावले, ते काय कमी हाय?" म्हणाला आणि चपला घालून गेला. कळंबची गाडी धरायची होती त्याला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले, ताई आल्या नाहीत. नवरा गेला तेव्हा सोडून सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. फोन उचलेनात. दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या घरी गेलो. ताई ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. निवडत कसल्या, एकच जागा चिवडत होत्या.

"चला दुकानात," मी म्हटलं.

"मला नाय यायचं जगदीश. दमले मी आता. तेरा महिने खपले आन् मेलेल्या बाईच्या तोंडावर हात ठेवला. तिला शबूद दिलेला तिचा पोरगा समोर बसून सांगतो, आय नाय ह्याच्यात."

"चूक माझी आहे ताई. ते सुधारायचं खूळ मी तुमच्या डोक्यात घातलं."

"बोटं माजी हुती."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि ताटातला एक कोपरा ओढून तांदूळ निवडायला लागलो. अर्धा तास आम्ही दोघं निवडत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. हर्षला होती. दुकानाबाहेरूनच बोलत होती, आवाज चढलेला. "काका, कुठे आहात? शटर अर्धं का आहे? काकूंना घेऊन या. मी रात्रभरात सगळी पानं चाळली. तीनशे एक ते तीनशे चार, ही चार पानं वेगळी आहेत. वेगळी म्हणजे कशी, तर भरलेली आहेत. पोशादादांना फोन लावलाय, ते निघालेत."

ताई येईनात. मी म्हटलं, "नाही आलात तर मी इथेच बसतो, बघा." तेव्हा उठल्या.

पोशा पोचेपर्यंत चार वाजले. हर्षलाने पडद्यावर ती पानं लावून ठेवली होती. मलासुद्धा फरक दिसला. बाकीच्या पानांवर ओळी कशा शिस्तीत, आणि इथे तीच तीच चित्रं परत परत, मध्ये कंस, कंसात आणखी काहीतरी. पानाच्या खाली बारीक अक्षरात तारीख होती. ताई प्रत्येक पानाला तारीख घालायच्या. अकरा फेब्रुवारी दोन हजार पाच.

ताईंनी तारीख वाचली आणि खुर्ची ओढून बसल्या. "त्या आठवड्यात ह्यांना झटका आला हुता," म्हणाल्या. "रातभर हास्पिटलात बाकड्यावर, सकाळी हितं. सुधारायला डोकं लागतं रं. त्या दिवशी डोकंच नव्हतं जाग्यावर. जे दिसंल ते मारत गेले."

मला तो दिवस आठवला. संध्याकाळी मी त्यांना म्हणालो होतो, "काय हे ताई, दिवसभर ही चार पानंच? बाकीचं काम कोण करणार?" नवरा दवाखान्यात आणि मी हे बोललो होतो!

हर्षला वाचायला लागली. आज ती थांबत थांबत वाचत होती, कागदावर होतं तसं.

"मांडवात हळद गं कोनी वाटली... मांडवात हळद गं कोनी वाटली... थांब रं, गळा सुकला." मग खोकला. तोसुद्धा तिने तसाच काढला. "पोशा, ए पोशा, शेळी सुटली बघ. पेंढ्यात शिरंल ती. बसून काय ऱ्हायलास मेल्या, ऊठ. काय म्हनत हुते मी? हां, हळद. मास्तर, ह्ये पन लिवतोस का रं तू? खोकल्याला पन?" इथे कंसात हसू होतं. हर्षला हसली नाही, पुढे वाचत गेली. "लिव बाबा, लिव. मांडवात हळद गं कोनी वाटली..."

आणि तिसऱ्यांदा ती ओळ आली तशी पोशाने झेलली. बसल्या जागी, डोळे मिटून, चिरक्या म्हाताऱ्या आवाजात. "वाटली गं वाटली, मावशीनं वाटली." झेरॉक्सला आलेली दोन माणसं दारात थबकली. ओळ संपली. पोशाने डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, आतल्या खोलीत कोणाला तरी सांगावं तसं म्हणाला, "बांधली गं आय. शेळी कवाच बांधली."

मग त्याला रडू फुटलं. साठीचा माणूस, पण लहान मुलासारखा रडला. मी पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने त्याने गमछ्याने तोंड पुसलं आणि हर्षलाला म्हणाला, "उमगलं पोरी. कुठं झेलायचं ते उमगलं. आता बाकीची गानी पन बसतील. उद्या बायांना घेऊन येतो, तू वाच, मी झेलतो. हिरूच्या लग्नाला होईल." आणि ताईंच्या समोर येऊन उभा राहिला. त्याने त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

तो गेला. हर्षला त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली. दारातली माणसं झेरॉक्स घेऊन गेली. ताई अजून पडद्यासमोरच होत्या. त्या चार पानांवरून त्यांचं बोट हळूहळू फिरत होतं, जिथे एकच ओळ तीनदा होती तिथे थांबत होतं.

"जगदीश," त्या म्हणाल्या, "तेरा महिन्यांत ही चारच पानं नीट टाइप केली रं मी."